कॅमॅरोसाठी व्हॅनचं इंजिन: दोन सीझन वापरलेल्या एलक्यू४ बद्दल

माझ्या २००० सालच्या कॅमॅरो झेड२८ या स्पोर्ट्स कारचं एलएस१ इंजिन एका लांब उजव्या वळणात गेलं. अशा वळणात ऑइल पॅनमधलं तेल एका बाजूला चढतं, पिकअप (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि तेवढ्या एक-दोन सेकंदांत रॉड बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्रा नाहीसा होतो. तेलाची पातळी सकाळी काठीच्या खालच्या खुणेजवळ होती. ती मी बघितली होती आणि दुपारी भरू म्हटलं होतं. पिटमध्ये आल्यावर गॅस हलका सोडला की ठकठक ऐकू यायला लागली आणि मी तिथेच चावी फिरवून गाडी ट्रेलरवर चढवली. तेव्हा बंद केल्यामुळे क्रँक पॉलिश करून वाचला, पण ब्लॉक मशीनशॉपकडे गेला आणि गाडी उभी राहिली.

ट्रॅकसाठी वापरायच्या गाडीला दुसरं इंजिन तयार पाहिजे, हे तेव्हा पटलं. मी घेतलेलं इंजिन शेव्हरोलेट एक्सप्रेस ३५०० या सामान वाहणाऱ्या व्हॅनमधलं सहा लिटरचं व्ही८, म्हणजे एलक्यू४. दोन सीझन वापरून झालं, दोनदा खोलून झालं. आता त्याच्याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटतं.

आधी हे इंजिन का, ते. एलएस१ आणि एलक्यू४ एकाच कुटुंबातली, तिसऱ्या पिढीची इंजिनं. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९२ मिलिमीटर. एलएस१चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९९, एलक्यू४चा १०१.६, त्यामुळे ५६६५ सीसीचे ५९६७ सीसी होतात. इंजिनाच्या माउंटची भोकं, बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचा) साचा, हेडचे बोल्ट, इनटेकचे पोर्ट, सगळं जुळतं. क्रँकवरचं सेन्सरचं चक्रही दोन्हींत २४ दातांचं, नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ओळखणारा) इनटेकखालच्या खोलगट जागेत, कॅम सेन्सर मागच्या बाजूला वर. त्यामुळे कॅमॅरोची वायरिंग जशीच्या तशी लागते. पुढच्या पिढीत ५८ दातांचं चक्र आलं आणि नॉक सेन्सर ब्लॉकच्या कुशीला गेले. ते इंजिन अशा गाडीत बसतं, पण वायरिंगचं आणि कॉम्प्युटरचं वेगळं काम मागे लागतं. बॅकअपला ते नको.

मोठा फरक धातूचा. एलएस१चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, एलक्यू४चा बिडाचा. त्याचं वजन चाळीसेक किलो जास्त आणि ते सगळं गाडीच्या नाकावर येतं. त्यावर पुढे बोलतो.

व्हॅनला मागून धक्का बसला होता. मागची चौकट चेपली होती, पुढचा भाग शाबूत होता, म्हणून ती भंगारात आलेली. या व्हॅनमध्ये इंजिन अर्धं डॅशबोर्डच्या आत असतं, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध एक मोठं झाकण असतं आणि ते काढलं की मागचे प्लग दिसतात. यार्डातल्या माणसाला मी एवढंच म्हटलं, "दादा, काढायच्या आधी मला ते चालू करून ऐकू द्या." त्याने बॅटरी आणून लावली. ही विनंती कुणी नाकारली तर मी ते इंजिन घेणार नाही, दुसरीकडे बघेन.

थंड इंजिन चालू करणं महत्त्वाचं आहे. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन तुम्हाला काही सांगत नाही. थंडीत या पिढीच्या इंजिनात पिस्टनचा हलका खडखडाट येतो आणि गरम झालं की जातो, त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरा आवाज टिकटिक असा येतो आणि लोक त्याला लिफ्टर (कॅमवरून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारा भाग) समजतात. पण बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सगळ्यात मागचा बोल्ट तुटलेला असतो आणि तिथून धूर फुसफुसत असतो. माझ्या इंजिनात उजव्या हेडला तेच निघालं. तुटलेला बोल्ट हेडमध्येच राहिला होता, तो ड्रिल करून काढावा लागला.

नंबर तपासा. गाडीच्या ओळखक्रमांकातलं आठवं अक्षर 'यू' असेल तर एलक्यू४, 'टी' असेल तर ५.३ लिटरचं एलएम७. हेडच्या कोपऱ्यावर ओतीव आकड्याचे शेवटचे तीन अंक ३१७ दिसले पाहिजेत. १९९९ आणि २००० सालची पहिली एलक्यू४ टाळलेली बरी. त्यांची हेडही बिडाची आणि क्रँकचा मागचा फ्लँज लांब, त्यामुळे फ्लायव्हील आणि क्लचचं गणित चुकतं. माझं २००३ सालचं.

व्हॅनच्या इंजिनाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. मीटरवर अंतर दिसतं, पण सामान उतरवताना दारात उभ्या उभ्या ते किती तास चाललं, ते दिसत नाही. सामान पोचवणारी गाडी दिवसभर आयडलवर असते. म्हणून मी मीटरकडे बघितलंच नाही. ऑइल फिल्टर काढला, कापला, आतला कागद उलगडून उन्हात धरला. राखाडी गाळ होता, पण चकाकणारे कण नव्हते. घरी आणून लीकडाउन केला (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजलं) तर आठही सिलिंडर सहा ते नऊ टक्क्यांच्या आत. बोअर गेज घातला, वरच्या टोकाला कड बोटाला लागत नव्हती आणि होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. एवढ्या वापरानंतर बोअर असा राहतो, हे बिडाच्या ब्लॉकचं आणि सबंध आयुष्य कमी फेऱ्यांवर काढल्याचं श्रेय. हे इंजिन ओझं ओढायला बांधलेलं आहे. ३०० अश्वशक्ती त्याला मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर मिळते. माझ्या कॅमॅरोची ३०५ अश्वशक्ती ५२०० फेऱ्यांवर होती. तेवढीच ताकद, पण आठशे फेऱ्या आधी.

आता चूक सांगतो, कारण या लेखाचा मुद्दा तोच आहे.

पहिल्या वेळी मी हे इंजिन बसवताना सगळं एलएस१वरून उतरवलं. व्हॅनचा ऑइल पॅन खोल असतो, तो कॅमॅरोच्या खाली लोंबतो आणि क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या तुळईला) अडतो. म्हणून एलएस१चा पॅन, पिकअप, काठीची नळी. व्हॅनची क्रँक पुली पुढे फार येते. या इंजिनांत पुलीची तीन अंतरं आहेत: कॉर्व्हेटची ब्लॉकला सगळ्यात जवळ, कॅमॅरोची तिच्यापेक्षा १९ मिलिमीटर पुढे, ट्रक आणि व्हॅनची ३८. पट्टा सरळ धावायचा तर पुली, पाण्याचा पंप, आल्टरनेटरचा ब्रॅकेट, सगळं एका संचातलं लागतं. तेही एलएस१चं काढलं. मग इनटेक. मग फ्लायव्हील.

आणि मग हेड. इथे मोह आवरला नाही. ३१७ हेडमधली पोकळी ७१ सीसीची, माझ्या एलएस१च्या २४१ हेडमधली सुमारे ६६.७. हिशेब कागदावर मांडला होता, तो असा. ५९६७ भागिले ८ म्हणजे एका सिलिंडरचे ७४६ सीसी. एलक्यू४चं कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची पूर्ण जागा आणि वर आल्यावर उरणारी जागा यांचं प्रमाण) ९.४, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ७४६ भागिले ८.४, जवळपास ८८.८ सीसी. हेड बदलून त्यातले ४.३ कमी झाले की ८४.५ उरतात आणि कॉम्प्रेशन होतं ९.८. हेड तर घरातच पडलेली! लावून टाकली.

गाडी छान पळाली. एक सीझन पळाली. मग मशीनशॉपने एलएस१चा ब्लॉक तयार करून दिला आणि मी गॅरेजमध्ये उभा राहून बघितलं, तर माझ्याकडे एक ब्लॉक, एक क्रँक आणि आठ पिस्टन होते. बाकी सगळं गाडीत, चालू इंजिनावर. एलएस१ बांधायचं तर आधी एलक्यू४ उतरवून उघडायचं. म्हणजे माझ्याकडे दोन इंजिनं नव्हतीच. दीड होती. मधले तीन महिने गाडी पुन्हा उभी राहिली.

त्यामुळे दुसऱ्यांदा बांधताना एकच नियम ठेवला: या इंजिनावर एलएस१चा एकही भाग येणार नाही. कॅमॅरोचा दुसरा पॅन, दुसरा पिकअप, दुसरी पुली, पंप, इनटेक, फ्लायव्हील आणि क्लच, सगळं हळूहळू जमवलं. ३१७ हेड परत बसवली. कॉम्प्रेशन ९.४वर आलं आणि मला ते आता जास्त आवडतं. उन्हाळ्याच्या दिवशी पेट्रोल हवं त्या दर्जाचं मिळालं नाही तरी इंजिन नॉक न करता चालतं, आणि बॅकअपकडून मला तेच हवं आहे. शेवटची अर्धी सेकंद काढायला मुख्य इंजिन आहे.

हेड बसवताना एक काम कधीही घाईने करू नका. ब्लॉकमधली हेड बोल्टची भोकं खालून बंद असतात. हेड उतरवताना त्यांत पाणी आणि तेल उतरतं. ते तसंच राहिलं आणि तुम्ही बोल्ट आवळला, तर द्रवाला जायला जागा नसते. तो ब्लॉक आतून फोडतो, आणि बीड असलं तरी फुटतं. मी प्रत्येक भोकात बारीक नळी घालून हवा मारली, मग स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून तळापर्यंत घातलं. आठव्या भोकातून कापड दुसऱ्यांदाही ओलं आलं, हिरवट पाणी. तिसऱ्यांदा कोरडं आलं तेव्हाच पुढे गेलो. बोल्ट ताणले जाणारे आहेत, एकदाच वापरायचे. हेड उघडलीच आहेत तर लिफ्टर आणि त्यांचे प्लॅस्टिकचे ट्रे बदलून टाका, कारण पुन्हा तिथे हात पोचायचा तर परत हेड उतरवावी लागतात.

पुलीचा बोल्टही एकदाच वापरायचा. या क्रँकवर पुलीसाठी चावीचा गाळा (पुली घसरू नये म्हणून धातूचा तुकडा बसवायची खाच) नसतो. पुली नुसत्या घट्ट बसण्यावर आणि बोल्टच्या ताणावर पकडते. जुन्या बोल्टने ती पूर्ण बसवायची, मग नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटरपर्यंत आणि तिथून पुढे १४० अंश. १४० अंश हाताने फिरवताना वाटतं की आता तुटणार. तुटत नाही.

ऑइल पॅन म्हणजे इथे नुसतं भांडं नाही. बेल हाउसिंगचे खालचे बोल्ट त्यातच जातात, म्हणून पॅनची मागची कड आणि ब्लॉकचं मागचं तोंड एका पातळीत असलं पाहिजे. पोलादी पट्टी उभी धरून तपासा. पुढचं आणि मागचं कव्हर जिथे ब्लॉकला मिळतं, त्या चार कोपऱ्यांत सीलंटचा थेंब. इतरत्र गॅस्केट पुरेसं.

आता ओ-रिंग. पिकअपची नळी पंपात शिरते तिथे एक छोटी रबरी कडी असते आणि नळी एकाच बोल्टवर धरलेली असते. इंजिन लाकडी घोडीवर ठेवून, फ्लायव्हील आणि स्टार्टर लावून, प्लग काढून मी सेल्फ मारत होतो आणि भाचा प्रेशरचा गेज धरून बसला होता. या इंजिनांचा पंप क्रँकच्या नाकावरच असतो, त्यामुळे जुन्या व्ही८सारखा ड्रिल लावून तो फिरवता येत नाही. म्हणून आधी दाबाच्या टाकीने गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत) तेल भरलं होतं. तेव्हा गेज छान वर गेला होता. सेल्फ मारल्यावर मात्र भाचा म्हणाला, "मामा, सुई दहाच्या वर जातच नाही. थरथरतेय नुसती."

थरथरणारी सुई म्हणजे पंपात हवा येतेय. टाकीने भरताना दाब गॅलरीतून येतो, पिकअपमधून नाही, म्हणून तेव्हा कळलं नव्हतं. इंजिन पुन्हा चेनब्लॉकला टांगलं, पॅन उतरवला, नळी ओढली. ओ-रिंगच्या कडेला चंद्रकोरीएवढा काप होता, नखावर मावेल एवढा. मी ती कोरडीच दाबून बसवली होती. पिकअपच्या घडणीप्रमाणे ओ-रिंगची जाडी वेगवेगळी येते. बरोबर तीच घेतली, तेल लावलं, नळी एकाच बोल्टने ओढून न घेता हाताने सरळ आत सरकवली, मग बोल्ट. पुढच्या सेल्फला भाच्याने गेज माझ्याकडे वळवून दाखवला. सुई पस्तीसवर उभी होती, जराही न हलता.

तिथे सेल्फ न मारता गाडीत बसवून चालू केलं असतं, तर दुसरं इंजिनही बेअरिंगवर गेलं असतं. कॅमॅरोचं इंजिन वरून काढणं फार अवघड, त्याचा मागचा अर्धा भाग काचेखाली असतो. क्रॉसमेंबरसकट सगळं खाली उतरवावं लागतं आणि गाडी वर उचलावी लागते. जे काही तपासायचं ते जमिनीवर तपासा.

गाडीत कसं आहे? दोन हजार फेऱ्यांपासून ओढतं. वळणातून बाहेर पडताना एलएस१ला दुसरा गिअर लागायचा तिथे हे तिसऱ्यात निघतं, आणि त्यामुळे पहिल्या दिवशी लॅप मला वाटल्यापेक्षा चांगली आली. ५५०० नंतर मात्र दम संपतो. व्हॅनचा कॅम आहे आणि तो बदलायचा माझा विचार नाही. शिफ्ट लवकर करायची सवय लागते. नाकावरचं वजन जाणवतं, विशेषतः ब्रेक सोडून गाडी वळणात घालताना. पुढची चाकं थोडी उशिरा ऐकतात. मी ब्रेक जरा आधी लावतो आणि वळणात सावकाश शिरतो. ज्याला गाडीचा तोल जपायचा आहे आणि हेच कायमचं इंजिन म्हणून हवं आहे, त्याने अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक शोधावा. तेलाचं प्रेशर गरम झाल्यावर आयडलला ३५ पीएसआय आणि ४००० फेऱ्यांना ५५. दोन सीझनमध्ये त्यात फरक पडलेला नाही.

ट्यूनची (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगची) वेगळी फाइल लागते. घनफळ पाच टक्क्यांनी वाढलं आहे, इंजेक्टर तेच असले तरी हवेचे तक्ते बदलतात. माझ्या लॅपटॉपवर दोन फाइली आहेत, एकीचं नाव एलएस१, दुसरीचं व्हॅन. ट्रॅकवर नेताना दोन्ही पेन ड्राइव्हवर घेतो.

५.३चं काय, असं विचारणारे बरेच भेटतात. ते जास्त व्हॅन-ट्रकांत सापडतं आणि त्याचा बोअर ९६ असल्याने घनफळ ५३२७ सीसी, म्हणजे एलएस१पेक्षा कमी. बिडाचं वजन उचलूनही ताकद कमी मिळणार. मिळालं तर घ्या, चालेल. सहा लिटरचं मिळत असेल तर ५.३साठी थांबू नका.

सध्या एलएस१ पुन्हा गाडीत आहे आणि एलक्यू४ घोडीवर. इनटेकचं तोंड आणि एक्झॉस्ट पोर्ट पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद केलेत, प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल फवारून प्लग परत लावलेत, वर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या. दर महिन्याला दाबाची टाकी लावून आधी गॅलरीत तेल भरतो, मगच पुलीच्या बोल्टवर पाना घालून क्रँक सव्वा फेरा फिरवतो, म्हणजे रिंगा त्याच जागी बसून राहत नाहीत. तेलाशिवाय फिरवत नाही. काठीला एक कागद बांधला आहे, त्यावर तारीख, तेलाची पातळी आणि फ्लायव्हीलवरच्या खुणेची जागा लिहितो. मागच्या रविवारी भाच्याने लिहिलं, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.